संख्या जुळलेला भूकंप

सोमवार, ४

आज मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून भूकंप दिला.

वरून परिपत्रक आलंय. प्रत्येक शाळेने महिनाअखेरीच्या आत भूकंपाचा सराव घ्यायचा. आपत्ती-कार्यालयातले साहेब तो पाहायला येणार. मग संयोजकाने आपल्या सहीने अहवाल पाठवायचा. संयोजक मी. "तुमच्याशिवाय हे नीट कोण लिहिणार, सर?" मुख्याध्यापिका या नात्याने त्या म्हणाल्या. मी पंचवीस वर्षं इथल्या दैनिकाला शाळेच्या बातम्या पाठवतो. न घडलेलं घडल्यासारखं लिहिण्याचा माझ्याइतका अनुभव शाळेत दुसऱ्या कोणाला नाही, हे त्या जाणतात.

निघताना त्यांनी सहज विचारलं, "नदीपलीकडची शाळा पाहिलीय का तुम्ही? हवा मोकळी आहे म्हणे."

म्हटलं, पाहिली नाही, पण हवा इथेही आहे. त्या कागद चाळू लागल्या.

घरी बातमी सांगितली. बायको म्हणाली, "तुम्हाला आधी टेबलाखाली वाकता येतं का?" प्रश्न वैद्यकीय होता. मी तात्त्विक उत्तर दिलं.

बुधवार, ६

पुस्तिका वाचून काढली. अठ्ठेचाळीस पानं. त्यांचं सार असं: खाली बसा, आडोसा घ्या, धरून ठेवा. उरलेली सत्तेचाळीस पानं लिहिणाऱ्याच्या योगक्षेमासाठी आहेत.

मी जी भाषा शिकवतो तिच्यात हे सगळं तीन धातूंत उरकलं असतं. ती भाषा गेल्या हजारभर वर्षांत कोणी घरी बोललेलं नाही, हा तिचा दोष नव्हे, घरांचा आहे. गेल्या वर्षी ती शिकायला एकवीस मुलं होती, यंदा चौदा आहेत. चौदाही रत्नं. रत्नं संख्येने कमीच असायची.

कारकुनाच्या टेबलावर पुढच्या सत्राचं वेळापत्रक दिसलं. माझा रकाना कोरा होता. मला विचारून भरणार असावा. मी वाकून पाहतोय हे लक्षात येताच त्याने त्यावर जेवणाचा डबा ठेवला. हल्ली तो माझ्याशी बोलताना डब्याकडे पाहतो.

शोधपथकाचे प्रमुख म्हणून कवायतीच्या सरांना नेमलं. खासगीत मी त्यांना शिट्टी म्हणतो, ते मला उघडपणे शास्त्रीबुवा म्हणतात. एकोणीस वर्षं मधल्या सुट्टीच्या चहाला आम्ही भांडतो आहोत. मूळ विषय दोघांनाही आठवत नाही. नेमणुकीचा कागद हातात घेऊन म्हणाले, "शोधायचं काय, शास्त्रीबुवा? या शाळेत हरवलं ते कधी सापडलंय?"

सोमवार, ११

आज जखमांचं वाटप केलं.

पुस्तिकेप्रमाणे बारा मुलांनी जखमी व्हायचं: चार किरकोळ, पाच मध्यम, तीन गंभीर. बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. वाचायला कोणी तयार नाही. सातवीच्या वर्गात "कोणाला गंभीर व्हायचंय?" असं विचारलं, तर सबंध वर्ग उभा राहिला. परीक्षेच्या काळात असा उत्साह मी पाहिलेला नाही.

दुपारपासून पालकांची रीघ. एका मुलीचे वडील दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना शास्त्रीय हरकत होती.

"तिच्या मैत्रिणीचे दोन्ही पाय मोडलेत आणि हिला नुसतं खरचटलंय. यामागे निकष काय आहे?"

"खरचटणंही महत्त्वाचं असतं, डॉक्टर."

"दोन महिने नाट्यवर्गाला जाते ती. तिला निदान शुद्ध तरी हरपू द्या."

शेवटी तिला डोक्याची जखम दिली आणि पाय मोडलेल्या मुलीचा एक पाय परत घेतला. तिची आई उद्या येणार आहे.

गुरुवार, १४

सरावाचे तीन सराव झाले. भूकंप अवचित यावा असं पुस्तिका सांगते. आम्ही त्याला मंगळवारी अकरा वाजून पाच मिनिटांची वेळ दिली आहे. अकराच्या आधीच मुलं दप्तरं भरून, बुटांच्या नाड्या बांधून, उंचीच्या क्रमाने बसलेली असतात. भोंगा वाजताच ती टेबलाखाली इतक्या शिस्तीने शिरतात की, वरचं छतही रांगेतच पडेल असं वाटतं. सगळी शाळा मैदानात यायला पहिल्यांदा सहा मिनिटं लागली, तिसऱ्यांदा तीन मिनिटं चाळीस सेकंद.

पुस्तिकेत आणखी एक कलम सापडलं. एका व्यक्तीला इमारतीत लपवून ठेवावं. मैदानात हजेरी घेताना ती कमी भरली पाहिजे, मग शोधपथकाने आत जाऊन तिला बाहेर काढावं. कोण लपलंय हे पथकाला कळता कामा नये.

मी मोठ्या बाईंना म्हटलं, मुलाला लपवणं धोक्याचं. मीच होतो बेपत्ता. तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रंथालयात, मोठ्या टेबलाखाली.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुम्हीच व्हा," म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांना माझ्या त्यागाची किंमत कळली म्हणायची.

हे फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक.

सोमवार, १८

हजेरीच्या याद्या कारकुनाने तयार केल्या. मी मागितल्या तर म्हणाला, "बेपत्ता कोण ते ठाऊक असलेल्याने यादी बघू नये, सर. गुप्ततेला बाधा येते." त्याला एवढी सूक्ष्म बुद्धी असेल असं वाटलं नव्हतं.

मंगळवार, १९

दहा पन्नासला ग्रंथालयात गेलो. दार लोटून टेबलाखाली शिरलो. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: वाकता येतं. परत येता येत नाही.

अकरा पाचला भोंगा झाला. खाली बाकं सरकली, जिने धडधडले, मग शांतता. मग शिट्टीची शिट्टी. मग टाळ्यांचा कडकडाट. मला वाटलं, पथक निघालं, त्याला निरोप देतायत. चेहऱ्यावर यथोचित वेदना आणून पडून राहिलो.

साडेअकराला वेदना आवरून घेतली.

टेबल खालून वाचायला उत्तम आहे. चघळून चिकटवलेले सात प्रकारचे च्युइंगम, कंपासने कोरलेली चार प्रेमप्रकरणं. त्यांतल्या दोघांचं लग्न होऊन त्यांची मुलगी आता पाचवीत आहे. यंदा ती किरकोळ जखमी होती.

बाराच्या सुमारास दार उघडलं. मी डोळे मिटले. बादलीचा आवाज आला. सफाईच्या मावशी होत्या.

"सर, काही पडलं का?"

"नाही. मी बेपत्ता आहे."

"बरं." त्यांनी फडकं पिळलं. "पाय तेवढे वर घ्या."

घेतले. त्यांनी माझ्याभोवती नीट पुसून काढलं.

"तुम्ही खाली नाही गेलात, मावशी? भोंगा झाला ना."

"तो मुलांचा. आमचा कुठे भोंगा असतो?" दारातून म्हणाल्या, "ओलं आहे. वाळेपर्यंत उठू नका."

कर्तव्यदक्ष बाई. भूकंपानेही कामात खंड पडला नाही. मी आता दोन अधिकाऱ्यांच्या आज्ञेने पडून होतो.

एक पंधराला कवायतीचे सर आले. एकटेच.

"शास्त्रीबुवा, हे काय?"

"तुमची वाट पाहतोय. तुम्ही शोधपथकप्रमुख आहात."

"शोधायला गेलोच नाही. हजेरी पूर्ण भरली. चारशे अकराच्या चारशे अकरा. साहेबांनी टाळ्या वाजवल्या."

"मग आता कसे आलात?"

"चहाला माझ्या चालण्याला कोणी नावं ठेवली नाहीत. म्हटलं, म्हातारा मेला की काय. बघत बघत आलो."

आम्ही दोघेही चोपन्नचे आहोत. पण गुडघे अडकले होते, म्हणून वाद घातला नाही. त्यांनी काखेत हात घालून मला ओढून काढलं आणि मग खिशातली हजेरीची यादी माझ्या हातात दिली. शिक्षक आणि कर्मचारी मिळून एकवीस ओळी. मी दोनदा वाचली. माझं नाव नव्हतं.

"ही पुढच्या सत्राची यादी आहे," सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "दोनदा टाइप कशाला करायची म्हणून कारकुनाने तीच लावली. तुम्हाला खरंच कोणी सांगितलं नाही? चौदा मुलांवर वर्ग चालत नाही. तुम्ही अतिरिक्त ठरलात. तीस तारखेपासून नदीपलीकडे."

अंगावरची धूळ झटकायला घेतली. धूळ नव्हती. मावशी चांगलं पुसतात.

बुधवार, २०

मोठ्या बाई म्हणाल्या, "संख्या जुळली म्हटल्यावर मला वाटलं, तुम्ही सापडलात."

हे वाक्य तर्कशास्त्राच्या पुस्तकात घालायला हवं.

मग त्या खरं बोलल्या. मला सांगायचं कसं, हे त्यांना महिनाभर सुचत नव्हतं. नदीपलीकडच्या शाळेत माझी भाषा नाही. तिथे माझ्यापुढे "इतर कामे" एवढंच लिहिलंय. बसने जायला दीड तास, यायला दीड तास.

"एक वाट आहे," त्या म्हणाल्या. "ग्रंथपालाची जागा चार वर्षं रिकामी आहे. तिला मुलांच्या संख्येची अट नाही. मी तुमच्यासाठी पत्र तयार केलंय, साहेब शब्द टाकतील. फक्त शुक्रवारी अहवाल स्वच्छ गेला पाहिजे. 'इमारतीत कोणीही शिल्लक नव्हते' एवढं एक वाक्य. त्यावर शाळेला सुरक्षित शाळेची पाटी मिळते."

"पण मी शिल्लक होतो."

"तुमची तुम्हालाच हरकत असेल तर बोला."

विचार करून पाहिलं. नव्हती.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "मग लिहा की. गेल्या वर्षी क्रीडामहोत्सव पावसात वाहून गेला, तेव्हा तुम्ही 'उत्साहाला उधाण' असं छापून आणलं होतं."

गुरुवार, २१

सकाळी अहवालाचा मसुदा केला. दीड पान, एकही खोड नाही. "इमारतीत कोणीही शिल्लक नव्हते" हे वाक्य मध्यावर अगदी सहज बसलं. खोटं बोलताना माझी शैली खुलते, हे पूर्वीही लक्षात आलं होतं.

मधल्या सुट्टीत ग्रंथालयात गेलो. भावी कचेरी बघावी, खुर्ची कुठे ठेवावी. मावशी कपाटांवरची धूळ काढत होत्या.

"सापडलात का मग?" त्यांनी विचारलं.

"सापडलो. तुम्ही मंगळवारी किती वाजता उतरलात?"

"दीडला. आधी कशी उतरणार? या मजल्याच्या जिन्याचं जाळीचं दार खालून कुलूप लावून बंद होतं. खालचे जिने मुलांसाठी उघडले, हा राहिला. कवायतीचे सर किल्ली घेऊन तुम्हाला बघायला आले तेव्हा उघडलं ना, मग मी बादली घेऊन निघाले."

"कुलूप कधी लावलं?"

"टाळ्या झाल्या की लगेच. मी वरून हाक मारली, पण खाली गडबड होती. मला वाटलं, नेहमीसारखे विसरले. उघडतं कोणीतरी."

त्या पुन्हा धूळ काढू लागल्या. मी खुर्चीची जागा न ठरवताच खाली आलो.

पुस्तिकेत ते आहेच, पान एकतीस, मीच अधोरेखित केलेलं: संख्या जुळताच इमारत बंद करावी, म्हणजे कोणी परत आत जाणार नाही. शिपायाने तंतोतंत पाळलं. सगळ्यांनीच सगळं तंतोतंत पाळलं होतं.

कारकुनाला विचारलं, "मावशींचं नाव कुठल्या यादीत आहे?"

"आपल्या कुठल्याच नाही. त्या कंत्राटदाराकडून येतात."

"पण येतात ना? कुठेतरी नोंद असेल."

त्याने नाइलाजाने सामानाची वही काढली. फिनेल, पाच लिटर. झाडू, सहा. सफाई, एक नग.

"नग?"

"तो रकाना तसाच आहे, सर. काहीतरी भरावं लागतं." तो आज डब्याकडे पाहत नव्हता. "तुमचं नाव मी मुद्दाम नाही वगळलं. यादी मला वरून आली."

"माझं राहू द्या," मी म्हणालो, आणि म्हणताना लक्षात आलं की, ते खरंच राहू द्यावंसं वाटत होतं. मी मंगळवारी स्वतःच्या पायांनी टेबलाखाली गेलो होतो. माझ्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि मी तिथे आहे हे एका माणसाला ठाऊक तरी होतं.

मसुदा अजून खिशात आहे. दीड पान, एकही खोड नाही. बायकोने दोनदा विचारलं की जेवत का नाही.

शुक्रवार, २२

अहवाल दिला. नक्कल इथे ठेवतो:

"भूकंपाचा सराव नियोजित वेळी झाला. मैदानात आलेले: ४११. यादीप्रमाणे अपेक्षित: ४११. सराव त्यामुळे यशस्वी दिसला. इमारतीत राहिलेले: २. पैकी एक शिक्षक, जो पुढच्या सत्राच्या यादीत नाही. दुसरा एक नग. नगाने हाक मारली होती. संख्या जुळल्यामुळे ती ऐकण्याची गरज पडली नाही आणि जिन्याला कुलूप लावण्यात आले. छत खरोखर पडले असते तरी आमची संख्या जुळलीच असती. सराव असफल समजून पुन्हा घ्यावा."

साक्षीदाराची सही हवी होती. कवायतीच्या सरांकडे गेलो. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं.

"यात माझेही वाभाडे निघतायत. पथकाचा प्रमुख मी."

"निघतायत."

"आणि तुमची ग्रंथालयाची खुर्ची जातेय."

"जातेय."

"शास्त्रीबुवा, तुम्ही हे एवढं सरळ लिहू शकता, मग एकोणीस वर्षं कुठे होतात?" त्यांनी सही केली आणि खाली आपल्या अक्षरात जोडलं: शिक्षकास मी स्वतः बाहेर काढले. वजन बरेच आहे.

मी ते खोडलं नाही. पुरावा आहे.

बायकोला सांगितलं तेव्हा तिने नक्कल वाचून घडी घातली. मग म्हणाली, "नदीपलीकडची बस किती वाजता असते?" आणि गजराचं घड्याळ शोधायला गेली.

सोमवार, २५

मोठ्या बाईंनी अहवाल माझ्यासमोर वाचला.

"हे असंच पाठवायचं?"

"संयोजकाची सही आहे. तुम्हाला नवा संयोजक नेमता येईल."

"'नग' तेवढा काढता नाही येणार?"

"मी घातलेला नाही. तो आपल्या वहीतला आहे."

त्यांनी सामानाची वही मागवली. पान सापडल्यावर चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. ग्रंथपालाच्या जागेचं पत्र त्यांनी फाडलं नाही, खणात ठेवून खण लावला. मग अहवालावर "अग्रेषित" असं लिहून सही केली. सही नेहमीपेक्षा लहान होती.

"तुम्ही मला अडचणीत आणलंत, सर," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. मी नमस्कार करून बाहेर आलो.

बुधवार, २७

वरून तातडीचा हुकूम आला. सराव पुन्हा घ्यावा, वेळ कोणालाही न सांगता. हजेरी जुन्या याद्यांवरून घेऊ नये. त्या दिवशी सकाळी फाटकातून जो जो आत येईल त्याचं नाव लिहून घ्यावं. सुरक्षित शाळेची पाटी तूर्त स्थगित. माझी बदली मात्र कायम.

पाय परत घेतलेल्या मुलीच्या आईने निरोप पाठवला: पुन्हा होणारच आहे, तर दुसरा पाय द्या. या खेपेला जखमी कोणीच नाही, असं कळवलं. तीव्र नाराजी.

शुक्रवार, २९

सकाळी कारकून वही घेऊन फाटकावर उभा होता. मुलं, शिक्षक, शिपाई, पाण्याच्या टाकीचं काम बघायला आलेला प्लंबर, सगळ्यांची नावं उतरवली. मावशी बादली घेऊन आल्या. त्याने नाव विचारलं. त्यांना वाटलं काही चुकलं. मग त्यांनी सांगितलं. अकरा वर्षं त्या इथे आहेत आणि ते नाव शाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

भोंगा सव्वादोनला झाला, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना. एकही दप्तर भरलेलं नव्हतं. आठवीचा अर्धा वर्ग चुकीच्या जिन्याने गेला, दोन वर्ग फाटकापाशी एकमेकांत मिसळले, गणिताच्या बाई पायात एकच चप्पल घालून उतरल्या. नऊ मिनिटं. साहेबांनी घड्याळाकडे पाहून मान हलवली.

हजेरी सुरू झाली. एक कमी. पुन्हा मोजलं. एक कमी. कवायतीचे सर कोणाला न विचारता आत पळाले, आणि या वयात त्यांना असं पळता येतं हे मी त्यांना कधी सांगणार नाही. चार मिनिटांनी मावशींना घेऊन आले. त्यांच्या हातात अजून फडकं होतं.

"अर्धा जिना ओला सोडून आणलं यांनी," त्या मला म्हणाल्या. "कोणी घसरलं तर?"

कारकुनाने त्यांचं नाव पुकारलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्या आजूबाजूला पाहू लागल्या. शेजारच्या पोरींनी त्यांना कोपराने ढोसलं.

"हजर," त्या म्हणाल्या. पोरी हसल्या, मग त्याही हसल्या.

सगळ्यात शेवटी माझं नाव होतं. मी हजर म्हटलं. चारशे चौदा. साहेबांनी कागद माझ्यापुढे धरला आणि मी आकडा लिहायला घेतला.

मावशी पदराला हात पुसत कारकुनाजवळ गेल्या. "उद्या पण पुकारणार का?"

कारकुनाने मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"उद्याचं मला सांगता येणार नाही, मावशी," मी म्हणालो. "उद्या मी यादीत नाही. तुम्ही यांनाच विचारा."

त्या तिथेच उभ्या राहिल्या, मोठ्या बाईंसमोर, उत्तर मिळेपर्यंत.